परत जाऊन सांगणे

नांदेडपासून लातूरपर्यंत 'नाही' ऐकून मनापासून खूश होणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका आमच्या विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीत. माणसांवर संशोधन करायचं तर या कमिटीची परवानगी लागते. बाकीचे सदस्य समोसा खाता खाता सह्या करत. सचिव असलेले सर मात्र पेन्सिल कानावर ठेवून प्रश्नावलीची ओळन् ओळ वाचत आणि विचारत, "अन् समोरच्यानं नाही म्हटलं तर?" हा प्रश्न त्यांच्या अंगात मुरला होता. शेजारच्या पोराचा गालगुच्चा घ्यायचा तरी आधी वाकून विचारायचे, "घेऊ का?" पोरगं "न्हाई" म्हणालं की "बरोबर आहे" म्हणत समाधानानं घरी जायचे. न्हाव्यानं मान दाबली की त्याला थांबवायचे, "आधी विचारायचं असतं बाबा." तो म्हणायचा, "सर, वस्तरा मानेवर हाय अन् तुम्ही परवानगीचं काय काढून राहिले?" एका लग्नात तर नवरीला कुणी विचारलंय का, असं त्यांनी थेट भटजींनाच विचारलं. त्या पंगतीतून ते उपाशीच परतले.

माझं त्यांच्याशी वाजलं ते क्लासवाल्यांवरून. मी चळवळीत पत्रकं वाटत वाढलेली. लातूरला गल्लोगल्ली क्लास, क्लासच्या वर होस्टेल, एका खोलीत चार कॉट. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या रिपीटर मुली तिथं आतल्या आत झिजतात आणि खाली चौकात टॉपरचे फ्लेक्स झळकतात. हे कागदावर आणायचं म्हणूनच मी पीएचडी धरली. परीक्षा झाली की मुली पांगणार, त्यामुळे परवानगी लगेच हवी होती. सरांनी माझी प्रश्नावली परत पाठवली. मी तडक केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, तुमच्यासारख्यांमुळंच क्लासवाल्यांचं फावतं."

ते रागावले नाहीत. स्वतः चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि माझीच प्रश्नावली मला विचारायला बसले. हा त्यांचा रिवाज होता. संशोधकानं आधी स्वतः उत्तरं द्यायची. "जगूच नये असं कधी वाटलं? हो की नाही?" मीही दोन वर्षं तसल्याच खोलीत काढलेली. चहावर साय धरली.

"बोलंना झालीस," ते म्हणाले. "मग त्या पोरीनं का बोलावं? अन् बोललीच, तर तू गेल्यावर तिच्यापाशी कोण बसणार?"

मग त्यांनीच सांगितलं. भूकंपात त्यांचं घर पडलं, धाकटी बहीण गेली. "पत्र्याच्या शेडात विचारणारे लई आले. माय एकेकाला चहा करायची, पहिल्यापासून सगळं सांगायची. काय निघालं ते सांगायला येतो, म्हणून जायचे. माय रोज संध्याकाळी त्यांच्या चहाला वाटीभर दूध बाजूला ठेवायची. मरेपर्यंत ठेवलं."

तो प्रश्न मी प्रश्नावलीतून काढून टाकला. गरज पडेल तिच्यापाशी बसायला एक समुपदेशक बाई शोधल्या. शेवटची अट सरांनी पेन्सिलनं लिहिली, 'परत जाऊन सांगणे', आणि परीक्षेआधी मंजुरी दिली. काही मुलींनी मला तोंडावर नाही म्हटलं. हे कळल्यावर सरांनी पेढे वाटले.

अहवाल होईतो मुली पांगल्या होत्या. नायगाव, अर्धापूर, चाकूर असं एसटीनं फिरत मी सरांच्या नावानं बोटं मोडत होते. चाकूरला फोन करून गेले होते, तरी मुलीची आई दारात बघतच राहिली.

"खरंच आलाव व्हय? येतो म्हणणारं कोण येतंय, म्हणून दूध समदं डेअरीला घातलं बघा. कोरा चालंल का?"

मी कोरा चहा प्यायले आणि दोघींना काय निघालं ते सांगत बसले. मुलीनं माझी एक चूकही काढली.

नांदेडला येऊन सरांना हे सांगितलं. समोरच्यानं नाही म्हटलं तर, हे विचारायचं ते प्रथमच विसरले.

"कोरा घेतलास का?" एवढंच म्हणाले.

"घेतला."

मग ते उठले, दोघांसाठी चहा ठेवला आणि दुधाचं भांडं तसंच झाकून ठेवलं.