विहिरीवरचं लोकेशन

टेम्पोत मिरचीची रोपं होती आणि टेम्पो नाल्याच्या चुकीच्या काठावर उभा होता. समोर गढूळ पाणी वाहत होतं. पलीकडे विहीर दिसत होती आणि विहिरीजवळ कारंज्याचे शेठ उभे राहून हात हलवत होते.

"काकू, फोन तं म्हनते पोचलो," आमचा ड्रायव्हर रफिक म्हणाला.

"मंग उतर आन् पोहत जाय," मी म्हणाले.

वाशीमजवळ माझी रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टमाट्याची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि गिऱ्हाईकाच्या शेतावर नेऊन द्यायची, हा धंदा. शाळा माझी चौथीपर्यंत झाली. धंद्याला तेवढी पुरली.

शेठचं कारंज्यात कापडाचं दुकान आणि इंझोरीकडे शेत. रोपं ते दुसरीकडून घेत. या वेळी शेताच्या एका तुकड्यापुरती ऑर्डर मला दिली होती. "रोप सुकलेलं आलं तर पुढचं बोलायचं नाही," हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. बरोबर होतं त्यांचं. पावसानं उघडीप दिली होती आणि ऊन कडक होतं. बंद टेम्पोत मिरचीचं रोप लवकर मान टाकतं.

आमच्या जुन्या ड्रायव्हरला सगळी शेतं तोंडपाठ होती. तो काम सोडून मुलाकडे राहायला गेला. रफिक गाडी उत्तम चालवतो, पण अकोल्याकडचा. शेतांना पत्ता नसतो. म्हणून रस्ता दाखवणारं काहीतरी घ्यायचं ठरवलं.

सून वनिता म्हणाली, फोन पुरे. मी म्हटलं, आधी दुकानात बघू. वाशीमच्या दुकानदारानं हातात धरायचं जीपीएस मशीन दाखवलं. मजबूत होतं, पाण्यात पडलं तरी चालणारं. पण ते बाण दाखवायचं. बाण सरळ. मधे विहीर आहे की काट्यांचं कुंपण, त्याला घेणं नाही.

"हे जंगलात फिरनाऱ्यायचं काम आहे," दुकानदार स्वतःच म्हणाला. "तुमाले रस्ता पायजे. फोनच घ्या."

"पन गावाबाहेर नेटवर्क जाते न."

"जाऊ द्या. जीपीएस सॅटेलाइटवर चालते. नकाशा तेवढा घरूनच उतरवून ठेवा."

याला ऑफलाइन नकाशा म्हणतात. वनितानं सगळा जिल्हा फोनमध्ये उतरवला. मग मी परीक्षा घेतली. मला माहीत असलेल्या शेतावर रफिकला फोनच्या भरवशावर पाठवलं. फोननं त्याला पांदणीत घातलं, म्हणजे दोन शेतांमधल्या चिखलाच्या वाटेत. सेटिंग मोटरसायकलचं होतं. ते बदलून चारचाकीचं केलं. आवाज मराठी केला. डॅशबोर्डवर स्टँड बसवलं, कारण रफिक एका हातात फोन धरून गाडी हाकायला लागला होता. पुन्हा पाठवलं, बरोबर पोचला. मी पास केलं.

आणि आता समोर हा नाला.

मी शेठना फोन लावला. "शेठ, लोकेशन कुठून पाठवलं?"

"कुठून म्हंजे? वावरातून! मी सोता विहिरीवर उभा राहून पाठवलं."

तिथंच सगळं कळलं. आमच्याकडे शेत दाखवायचं म्हणजे विहीर दाखवायची. पाहुणा आला की विहिरीवर नेतात, चहा तिथंच, नारळ तिथंच फुटतो. शेठची विहीर नाल्याला लागून. लोकेशन म्हणजे नकाशावर ठोकलेली खूण. फोननं त्या खुणेच्या सगळ्यात जवळचा रस्ता शोधला. तो रस्ता नेमका अलीकडचा निघाला. फोनची चूक नव्हती.

"मी मानसं पाठवतो," शेठ म्हणाले. "डोक्यावर ट्रे घेऊन नाल्यातून आनतील."

"एक घसरला का ट्रेही गेला आन् मानूसही. जमनार नाही."

"मंग मले सुकलेली रोपं देता का, बाई?"

"शेठ, कापूस निघाल्यावर गाडी कुठं भरता?"

"ते तिकडं, वावराच्या कडेला धुऱ्यावर, मोठ्या निंबाखाली. काहून?"

"तिथं जा आन् तिथून लोकेशन पाठवा. कापसाची गाडी जिथं लागते, तिथं माहा टेम्पो लागते."

"आत्ता? चिखल किती आहे!"

"रोपं सुकून राह्यली, शेठ."

ते निघाले. पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. तोवर आम्ही टेम्पो बाभळीच्या सावलीत घेतला, मागचं दार उघडलं, नाल्यात पोती भिजवून आत टांगली.

"शेठ पडले तं ऑर्डर कोनाच्या नावावर?" रफिकनं विचारलं.

"तू पोती भिजव."

नवीन लोकेशन आलं. फोननं आम्हाला मागे डांबरी रस्त्यावर नेलं, पुलावरून घेतलं आणि निंबाखाली आणून सोडलं. शेठ तिथं चिखलात माखून उभे होते. त्यांनी ट्रे बाहेर काढून बघितले. दाराकडच्या ट्रेमधली रोपं वाकली होती. ते बोलायच्या आत मीच म्हणाले, "हे सावलीत ठेवा, पानी मारा. संध्याकाळपर्यंत उभी नाही राह्यली तं बदलून देईन."

त्यांनी एक रोप मुळासकट उपसलं. मुळी पांढरी होती, म्हणजे रोप जिवंत होतं. "उचलतील," ते म्हणाले.

उचलली. संध्याकाळी लावणी झाली. नंतर शेठचा फोन आला, दुसऱ्या तुकड्याचीही रोपं तुम्हीच द्या. "पन लोकेशन आता मुनीम पाठवेल," ते म्हणाले. "मी चिखलात जात नाही."

तेव्हापासून ऑर्डर घेताना मी आधी विचारते, कापसाची गाडी कुठं भरता? तिथून लोकेशन पाठवा. लोक वाद घालतात. म्हणतात, विहिरीपासून तर सगळं वावर दिसतं.

फोनचं सेटिंग एकदा केलं, ते अजून तसंच आहे. गिऱ्हाईकाला विहिरीवरून हलवायचं काम मात्र दर ऑर्डरला नव्यानं करावं लागतं.