हुकाला नमस्कार

साहेबाने माझ्या बापाची मान धरली आणि खाली दाबली.

भिलाईच्या पोलाद प्लांटमधली शेड. विश्वकर्मा पूजा. वर्षातून या एकाच दिवशी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडत. बाबा क्रेन चालवायचे. त्यांच्या क्रेनचा हुक खाली उतरवला होता. माणसाएवढा हुक. त्याला झेंडूचा हार, कुंकवाचे पट्टे. सगळे एकेक करून त्यावर डोकं टेकत होते. बाबा हात मागे बांधून उभे होते.

आम्ही बौद्ध. पूजेच्या दिवशी बाबा दरवर्षी काहीतरी कारण सांगून रजा टाकत. त्या वर्षी मी हट्ट धरला. पाचवीत होते. वर्गातली सगळी पोरं आपल्या बापाचं मशीन पाहून आली होती. मलाही बाबांची क्रेन पाहायची होती. म्हणून ते आले.

"कावून रे, तुले येगळं आमंत्रण पायजे?" साहेब म्हणाला. आमच्याच विदर्भातला, आमचीच भाषा बोलणारा.

"साहेब, आमच्यात नाही करत."

"आमच्यात म्हंजे? भाकर तर याचीच खातोस ना? का देव बदलवला तशी भाकरबी बदलवली?"

लोक हसले. मग साहेबाने मान धरली. कपाळ लोखंडावर आपटलं. हेल्मेट पडलं, गडगडत गेलं. साहेबाने सोडलं नाही. पुन्हा दाबलं.

"हं. आता झाला नमस्कार."

मी साहेबाच्या मनगटाला चावले. दात जातील तेवढे रुतवले. तोंडात रक्त आलं, त्याचे केस आले. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या कानशिलात मारली तेव्हाच सुटले. लोखंडी पत्र्यावर तोंडावर पडले. ओठ फाटला. मला कोणी उचललं नाही. बाबांनीही नाही. ते साहेबाच्या मनगटाला स्वतःचा रुमाल बांधत होते.

संध्याकाळी बाबांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं आणि साहेबाच्या बंगल्याकडे निघाले. दोन्हीकडे गुलमोहोर, रस्ता रुंद, स्वच्छ. दूर कुठे स्लॅग, भट्टीतली वितळलेली मळी, ओतत होते आणि अर्धं आकाश तांबडं झालं होतं. मला ते फार आवडायचं. बाबा नेहमी तिकडे बोट दाखवून म्हणायचे, "पाय, तुया बापानं आकाश पेटवलं." त्या दिवशी काही म्हणाले नाहीत.

आम्ही सेक्टर ६ मध्ये राहायचो, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. साहेबाचा बंगला दूर होता. फाटकापासून घरापर्यंत लॉन. साहेब सोफ्यावर बसला होता, हाताला पट्टी. शेजारी त्याचा मुलगा. माझ्याच वर्गातला. आम्ही दारात उभे.

"माफी म्हण," बाबा म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली.

बाबांनी कमरेचा पट्टा काढला. पाठीवर मारला. पायांवर मारला. त्याआधी बाबांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

"म्हण, साहेब माफ करा. म्हण!"

मी खाली बसले, डोकं हातांत धरलं. बोटांच्या फटीतून वर पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहतच नव्हते. मारत मला होते, पाहत साहेबाकडे होते. प्रत्येक फटक्यानंतर पाहत. पुरे झालं का? अजून एक? साहेब चहा पीत होता. पुरे म्हणत नव्हता.

तिथे मला कळलं. कोणी समजावून सांगावं लागलं नाही. हात बाबांचा आहे, मारतो आहे साहेब. मी माफी मागितली तर बाबांचा हात थांबेल. पण मग तो हात कायमचा साहेबाचा होईल, आणि माझी जीभही.

मी उभी राहिले. म्हणाले, "मी चावली. अजून चावीन."

पट्टा माझ्या तोंडावर बसला. साहेबाची बायको आतून बुंदीचा लाडू घेऊन आली. तेव्हा साहेब म्हणाला, "असू दे, असू दे. लेकरू आहे." बाबांनी हात जोडले. "मेहरबानी साहेब."

लाडू मी घेतला नाही. बाबांनी घेतला.

घरी आईने माझी पाठ पाहिली. बाबांना एवढंच विचारलं, "मारनारा हात तुमचा होता का त्याचा?" बाबा त्या रात्री जेवले नाहीत. नोकरी राहिली. मी शिकले, नोकरीला लागले, चार माणसांची कामं मार्गी लावणारी बाई झाले. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

आता आमच्या वर्गाचा ग्रुप आहे मोबाइलवर. रोज सकाळी आठवणी येतात. प्लांटचा भोंगा, सायकली, दुसऱ्यांच्या बागेतले पेरू, पूजेच्या दिवशीची बुंदी. "क्या दिन थे यार." मलाही भोंगा आठवतो. ते आकाशही आठवतं. मी खोटं बोलणार नाही, भिलाई माझीही आहे. पण त्यांची बुंदी गोड आहे, माझ्या बुंदीला रक्ताची चव आहे.

पुढच्या महिन्यात मेळावा आहे. त्यात साहेबाचा सत्कार. हॉल, जेवण, खुर्च्या, सूत्रसंचालन, सगळं माझ्याकडे दिलंय, कारण माझ्याकडून काही विसरलं जात नाही. साहेबाच्या मुलाचा फोन आला.

"पापांच्या जमान्यातली एखादी गोड आठवण वाच ना तू. प्लांटवाली."

"प्लांटवालीच वाचते. पूजेची. तू होतास सोफ्यावर."

तो म्हणाला, "यार, बचपन की बात है. त्या काळी सगळेच मारायचे. आणि पापांनी तुझ्या बाबांची नोकरी वाचवली, हे पण सांग ना."

"सांगते. कशी वाचवली तेही सांगते."

बाबा आता माझ्याकडेच असतात. नीट चालता येत नाही. सत्काराचं कळल्यावर म्हणाले, "माहा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेव माय. साहेबाच्या सत्काराले जाच लागन."

मी शर्ट इस्त्री केला. मग शेजारी बसून हे सगळं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"पट्ट्याचंबी वाचशीन काय?"

"वाचीन."

"मी समोर बसलो असतानी?"

"हो बाबा."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी ते काढणार नाही. पट्टा काढला तर साहेबाच्या नावावर एक थप्पड आणि एक नमस्कार, एवढंच उरतं. त्याने खरं काय केलं ते पट्ट्यात आहे. सोफ्यावर बसून, चहा पीत, एका बापाच्या हाताने त्याचीच पोर मारली.

बाबा पहिल्या रांगेत बसतील. मी त्यांना स्वतः नेऊन बसवीन. मग माइक घेईन, साहेबाकडे पाहीन आणि वाचायला लागेन. कोणी मध्ये उठलं, रडलं, हात जोडले, थांब म्हणालं, बाबा म्हणाले तरी, थांबणार नाही.