गोणपाटाखालची ठिणगी

मनवेलमामा गेल्याचं मला माणिकपूरच्या बाजारात, मुळ्याची जुडी हातात असताना कळलं. होळी गावाहून रोज टोपली घेऊन येणारी भाजीवाली म्हणाली, "तुमच्या गाडीचा मेस्त्री गेला ना... परवा माती दिली." पहिल्यांदा आला तो रागच. परवा? आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही? चौदा वर्षं ज्या माणसाने माझी गाडी सांभाळली, त्याला मी कुणी परकी होते का? त्या बिचारीचा काय दोष, पण मी तिच्यावरच डाफरले आणि मुळा न घेताच घरी आले. रडू त्यानंतर आलं.

गाडी माझी म्हणते, पण ती बाबांची. बाबा राजापूरकडचे. जन्मभर कारकुनी करून उतारवयात त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि तिचे माझ्यापेक्षा जरा जास्तच लाड केले. ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ शिरीष ठाण्याहून आला आणि म्हणाला, "ताई, भंगारात दे." मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. त्या वर्षी दसऱ्याला गाडीची पूजा मीच केली. बाबांना ती करताना लांबून पाहिलेलं, तेवढ्याच शिदोरीवर! हौसेने बॉनेट उघडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडून त्याचं पाणी अख्ख्या इंजिनावर शिंपडलं. म्हटलं, बाहेरून चाकाला कशाला, थेट आतच नैवेद्य पोचू दे. दुसऱ्या दिवशी गाडी ढिम्म. सेल्फ मारला की नुसती घरघर. एका मेकॅनिकने मान हलवत सगळं वायरिंग बदलायला सांगितलं, शिरीषने फोनवरून "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं ऐकवून घेतलं, आणि शेवटी सोसायटीतल्या कुणीतरी होळीच्या मनवेल मेस्त्रींचं नाव सांगितलं.

मामा स्कूटरवरून आले. बुटके, गळ्यात क्रूस, खिशात टेस्टर. होळीला केळीच्या वाडीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचं गॅरेज होतं. स्कूटरवर पायाशी एक गोणपाट घडी करून ठेवलेलं. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "बंद पडायच्या आधी काय काय केला, पहिल्यापासून सांग." मी पूजा सोडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग प्लगांना करंट वाटणाऱ्या त्या काळ्या टोपणावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "नारळ गोड निघाला ना?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तर म्हणाले, "लाजतेस कशाला? नाताळला माझ्या बायकोने पाद्रीकडून स्कूटरवर पवित्र पानी शिंपडून घेतला. चार दिवस ढकलत होतो." मग त्यांनी एका प्लगची वायर काढली, तिला दुसरा प्लग लावला, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, आणि ते गोणपाट आमच्या दोघांच्या डोक्यावरून बॉनेटवर ओढलं. भर दुपारी आत काळाकुट्ट अंधार, कांद्याचा वास. ठिणगी उजेडात दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. वॉचमनने सेल्फ मारला. काहीच दिसलं नाही. मामांनी टोपण काढून पुसलं, आतून वाळवलं, पुन्हा गोणपाट ओढलं... आणि टिक्, टिक्, टिक्. निळी! इवलीशी, पण काय तेज! मी चाळिशी ओलांडलेली बाई, टाळ्या पिटल्या.

त्यानंतर गाडी रुसली की मामा यायचे, आणि गोणपाटाखाली मी जायचीच. ठिणगी नाही म्हणजे करंट नाही. पिवळी म्हणजे करंट अशक्त. निळी म्हणजे इथलं सगळं बरं, आता पेट्रोलकडे बघा. एवढी साधी बाराखडी. मी "मामा, मला वाटतं..." म्हणून सुरू केलं की ते थांबवायचे. "बाय, तुला काय वाटते ते नको सांगू. तुला काय दिसते तेवढाच सांग." पुढे पुढे ते स्वतः गोणपाटाखाली येईनासे झाले. सेल्फ मारायला सीटवर बसायचे आणि आतून ओरडायचे, "कसली?" मी बाहेरून ओरडायची, "निळी!" स्कूटरही बंद झाली, गुडघे दुखतात म्हणून रिक्षाने येऊ लागले. मला वाटे, मला बढती मिळाली. शाळेत स्टाफरूममध्ये मी मिरवायचीसुद्धा.

आता जे सांगायचं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी, परीक्षेच्या दिवसांत गाडी बंद पडली. मला सुपरव्हिजनला पोचायचं होतं. गोणपाटाखाली उकडून जीव जात होता, घाम डोळ्यांत उतरत होता. काहीतरी चमकलं. मी नीट बघितलं नाही. "कसली?" "निळी, निळी!" "नक्की?" "अहो, नक्की! किती वेळा विचाराल?" आणि मी रिक्षा पकडून पळाले. मामांनी माझ्या शब्दावर विसंबून दोन दिवस फरशीवर बसून कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोलचा पंप खोलला, नळ्या फुंकल्या. तिसऱ्या दिवशी हताश होऊन करंटच्या बाजूचा कंडेन्सर बदलून पाहिला, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. म्हणजे ठिणगी पिवळीच होती. आणि मी काय म्हणावं? "दोन दिवस फुकट घालवलेत मामा. वय झालं तुमचं." ते हसले. "झाला, बाय." बस, एवढंच. "निळी तूच म्हणालीस" हे त्यांच्या तोंडातून आलं नाही. मला ते समजलं होतं, पण माफी मागायची तर जीभ उचलेना. पुढच्या वेळी मागू, म्हटलं.

बाजारातून आल्यावर दोन दिवसांनी मी होळीला गेले. रोझीमावशी, त्यांची बायको, ओट्यावर बसली होती. माझा राग बाहेर पडलाच. "मला का नाही कळवलंत?" मावशी म्हणाली, "तुझा नंबर कुठं लिवलेला होता? त्यांना पाठ होता. लिवून त्यांना वाचता कुठं येत होता शेवटी?" "म्हणजे?" मी विचारलं. मधुमेहाने डोळ्यांचा पडदा गेला होता. सहा वर्षं. आकार दिसायचे, बारीक काही नाही. ठिणगी तर नाहीच. गिऱ्हाइकांना कळलं तर काम जाईल म्हणून घरातल्यांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. "बोलायचे, माणिकपूरची बाय खरा बघते नि खरा सांगते. तिच्या गाडीला मी आंधला नाय."

मला तिथे बसवेना. मी मावशीला सगळं सांगून टाकलं... तो उकाडा, ती घाई, ती "निळी". ती ओट्यावरून उठली. आत गेली आणि ते गोणपाट घेऊन आली. "ने. आमच्याकडे आता कोन बघणार याखाली?" तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या रविवारी गाडी पुन्हा रुसली. शिरीष आलेला होता, तोंडावर तेच "भंगार". मी त्याला सीटवर बसवलं, वायर काढली, ट्यूबचा तुकडा गुंडाळला, गोणपाट डोक्यावरून ओढलं. कांद्याचा वास अजून तसाच आहे. शिरीषने सेल्फ मारला. निळी असावी असं फार वाटत होतं, देवाशपथ. निळी असती तर शिरीषचं तोंड बंद झालं असतं. मी डोळे ताणून बघितलं. "थांब, परत मार," म्हटलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

"काय गं, कसली?" शिरीष आतून ओरडला.

"पिवळी," मी म्हटलं, "पिवळी आहे, मामा."