काचेच्या खोलीतली हवा

त्याला सगळे मामाच म्हणत. रक्ताच्या आजाराच्या मुलांचा वॉर्ड, आणि त्याच्या दारावर हा दरवान. माणूस महाखडूस! हात धुवा, गाऊन घाला, मास्क नाकावर घ्या, आणि एका मुलाजवळ एकच माणूस. मोठ्या डॉक्टरांनाही त्याने एकदा बाहेरच्या बुटांवरून परत फिरवलं होतं.

पण त्या संध्याकाळी मामा पाघळला. खिडकीजवळचा पोरगा बरा होऊन घरी निघणार होता आणि त्याचं अख्खं खानदान दारात उभं. आजी हात जोडून म्हणाली, "मला आजच गावी परतायचंय हो. दोन मिनिटं बघू द्या की!" सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या. मामाने दार उघडलं. गाऊन पुरले नाहीत, तर काहीजण तसेच घुसले. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. टाळ्या काय, गाणी काय, भावंडांच्या उड्या काय! मामाही आत उभा राहून पोट धरून हसला.

पडद्यापलीकडे दुसऱ्या खाटेवर एक चिमुरडी झोपली होती. औषधांनी तिच्या अंगात जंतूंशी झुंजायची ताकदच ठेवली नव्हती. आई तेवढी आंघोळीला घरी गेली होती.

गर्दी पांगल्यावर सिस्टरनी नेहमीसारख्या जंतू वाढवायच्या बश्या उघड्या ठेवल्या. हवेतून काय खाली पडतं ते त्यात वाढून दिसतं. एरवी दोनचार ठिपके. या खेपेला दोन दिवसांत बशी नुसती भरून गेली. आणि पोरीला ताप चढला.

"मामा, परवा संध्याकाळी आत कुणी आलं होतं का?" सिस्टरनी विचारलं.

"छे हो!" मामा बोलून गेला.

"मग एवढं आलं कुठून? बंद खोलीतली हवा घाण करतात ती माणसंच. बोललं की थुंकीचे थेंब उडतात, हाललं की कातडीचे कण झडतात, पाय आपटले की जमिनीवरचं पुन्हा वर येतं. ताप त्यानेच आला असं छातीठोक नाही सांगता येत, पण..."

आणि मामा मेला दारातले गाऊन मोजत बसला!

पोरीची आई मात्र वॉर्डाच्या काचेबाहेरच थांबली. आत पोरगी "आई, आई" करून घसा फोडत होती, आणि ही जागची हलेना.

"मी नाही जायची आत," ती मामाला म्हणाली. "परवा तिला थोपटताना माझा मास्क घसरला होता. मीच दिलंय तिला हे. तुम्ही दारात इतकी काळजी घेता, आणि मी आई असून..."

मामाला राहवेना. आपलं पाप ही बाई डोक्यावर घेऊन उभी, आणि तिकडे पोर तापाने फणफणलेलं, आईविना!

"ताई, तुम्ही नाही," तो म्हणाला. "मी. परवा मी दहाबारा माणसं आत सोडली. गाऊनशिवाय. सिस्टरशी खोटंही बोललो."

तिने हात धुतले, गाऊन चढवला. पाठीमागचे बंद काही तिला एकटीला बांधता येईनात. मामाने हात पुढे केला.

"तुम्ही नको," ती म्हणाली, आणि बंद बांधून घ्यायला शेजारच्या सिस्टरकडे पाठ करून उभी राहिली.