वंदनाचा हात नव्हे, गिटारची तार

मंडळी, आपल्या ऑर्केस्ट्रातील दत्तूने काल या ग्रुपवर लिहिले की गिटारवाल्या वंदनाचा हात थकला, बारीक तार खंडेनवमीच्या आधीपासूनच ऐकू येत नाही, दुसरा गिटारवाला पाहा. हे चूक आहे.

आज शिरूरला मी तिची गिटार तपासली. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक चुंबकी खिळा असतो. बारीक तार त्याच्यावरून बाजूला सरकली होती, म्हणून तिचा आवाज उमटत नव्हता. खंडेनवमीच्या पूजेसाठी दत्तूनेच गिटारचा तारांखालचा लांब दांडा सोडवून पुसला आणि तिरपा बसवला.

दांडा सरळ करताच तार घुमली. वंदना म्हणाली, "आबा, म्हंजी माझा हात बरा हाय ना वो?"

माणसाला मोडीत काढण्याआधी वाद्य पाहावे, हे अजून किती वेळा सांगायचे?

दत्तूने दिलेले वार दुरुस्त करतो:
दांडा काढला: बुधवारी.
आवाज बसला: त्यानंतरच्या शनिवारी, पहिल्याच कार्यक्रमात; आधी नव्हे.
वंदनाचा हात बिघडला: कोणत्याही वारी नाही.