एकच ओळ

बोरगाव मेघेतल्या आमच्या शेजारच्या मावशी रोज सकाळी गॅलरीत बायबल उघडतात, एक ओळ वाचतात आणि पुस्तक मिटून तीच ओळ ओठांत घोळवत बसतात. मी अध्यायच्या अध्याय वाचते, पण त्यांच्यासारखा शांत चेहरा माझा कधी होत नाही.

"एका ओळीत काय पाहून राह्यल्या इतकं?" मी एकदा विचारलं.

"मले समजाले वेळ लागते," त्या म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशननंतर मी उशाशी बसून पानंच्या पानं वाचली. ते तळमळत राहिले. मावशी आल्या, एक ओळ वाचून गप्प बसल्या, आणि नवऱ्याचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडताच ते म्हणाले, "तू राहू दे. मावशीले बलाव."

मी बोलावलं. खोलीतून काहीच ऐकू येत नव्हतं, तरी स्वयंपाकघरात मी कान देऊन उभी राहिले.