कॅप्टन आठ वर्षांचा होतो, तो एपिसोड

चांगल्या दिवसांचे किस्से आपण विसरून जातो. वाईट दिवसांचे मात्र फ्रीजमधल्या अर्ध्या भरलेल्या डब्यांसारखे साठत राहतात, कुणी काढून टाकत नाही! आमच्या स्टुडिओचे तसेच साठलेत. इथे सिंगापूरच्या लिटिल इंडियात जुनं कुणी भेटलं, की कॉफी येईपर्यंत दोन तरी निघतातच.

वन-नॉर्थला आमचा छोटा स्टुडिओ होता. टीव्ही मालिकांच्या आवाजाचं काम. मी संवाद साफ करायचे, नागपूरचा मिलिंद शेवटचं मिक्सिंग करायचा. आमचं अखेरचं काम म्हणजे एका सायन्स फिक्शन मालिकेचा एपिसोड. अंतराळयानात कसलासा वायू गळतो आणि मोठी माणसं लहान मुलं होतात. कॅप्टन आठ वर्षांचा होतो! विनोदी होता, हं.

*

आमच्या प्रोड्यूसर लिम मॅडम. त्यांनी मीटिंग बोलावली. "हा एपिसोड आनंदी आहे. सगळ्यांनी आनंदाने काम करा." मग चष्मा काढला आणि त्याच दमात म्हणाल्या, "हा झाला की स्टुडिओ बंद."

माझ्या नवऱ्याची नोकरी इथेच, आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी. मला कुणी हाकलणार नव्हतं. मिलिंदचा इथे राहायचा वर्क पास मात्र नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तीस दिवस, मग बॅगा भरायच्या. सेंगकांगचा फ्लॅट, बायको रोहिणी, सात वर्षांची ओवी, सगळा संसार त्या एका पासवर.

मिलिंद माझ्या कानाशी पुटपुटला, "म्हणजे जितकं झटपट काम, तितक्या लवकर घरी!"

पुढचा आठवडाभर तो यानाच्या एकाच दरवाजाचा आवाज बदलत बसला होता.

*

मालकांनी परदेशातून व्हिडिओ पाठवला. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," वगैरे. मिलिंदकडे मोठ्या माणसाचा आवाज हळूहळू लहान मुलाचा करायचं सॉफ्टवेअर होतंच. त्याने मालकांनाच त्यात घातलं! "वी आर अ फॅमिली" म्हणता म्हणता मालक पाच वर्षांचे झाले. आम्ही खुर्च्यांवरून पडायचे बाकी होतो.

मागे वळून पाहिलं, तर दारात लिम मॅडम. त्यांचीही नोकरी जाणार होती.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तेव्हा कुणीच हसलं नाही.

*

कॅप्टनचा आवाज द्यायला रेमंड अंकल यायचे. सत्तरीचे, पण आवाज असा की पोरगाही व्हावा आणि आजोबाही. लहान झालेल्या कॅप्टनला एक वाक्य होतं, "मला घरी जायचंय." अंकलनी पहिल्याच टेकमध्ये असं म्हटलं, की बूथच्या काचेच्या अलीकडे कुणी हलेना.

"जास्त झालं का?" त्यांनी विचारलं. "अजून गमतीदार करू शकतो."

"हो, जरा गमतीदार," लिम मॅडम म्हणाल्या.

अंकलनी केलं. मस्त केलं! हेडफोन काढून ठेवताना सहज सांगितलं, "मंगळवारी बायको गेली. घर फार शांत आहे. बूथही शांतच, पण काचेपलीकडे माणसं दिसतात."

*

मिलिंद इंटरव्ह्यू देत होताच. एका ठिकाणी समोर विशीतला मुलगा. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"सर, माझ्याकडे तीस दिवस आहेत," मिलिंद म्हणाला. "त्यातलं काही विचारा ना."

*

मुलांच्या हसण्यारडण्याचे आवाज हवे होते, म्हणून मिलिंदने ओवीला आणलं. हसली तर अशी, की सगळा स्टुडिओ हसायला लागला.

"आता रडून दाखव," लिम मॅडम म्हणाल्या.

"कॅनॉट," ओवी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"काहीतरी वाईट आठव ना."

"आठवलं ऑलरेडी," ओवी म्हणाली. "बट आय डोन्ट क्राय लाह. मम्मी बघते, मग तीपण रडते."

काचेच्या अलीकडे मिलिंदच्या कानांवर हेडफोन होते. त्याने रेकॉर्डिंग थांबवलं नाही. हात बटणावर तसाच राहिला. रडण्याचा आवाज आम्ही शेवटी दुसरीकडून मिळवला.

*

आणि हा शेवटचा. मी पाहिलेला.

एपिसोड गेला, स्टुडिओ बंद झाला, मिलिंदला नोकरी मिळाली नाही. निघायच्या आदल्या शनिवारी सकाळी मी सामान बांधायला त्यांच्या फ्लॅटवर गेले. रोहिणी पार्सल टाकायला खाली गेली होती, मिलिंद बाथरूममध्ये. मी स्वयंपाकघरात खोक्यांना टेप लावत बसले होते. बेल वाजली. मी उठेपर्यंत ओवीने दार उघडलंसुद्धा! घरमालकाचा एजंट, बरोबर फ्लॅट बघायला आलेलं तरुण जोडपं.

"गर्ल, घरात मोठं कोण आहे?" एजंटने विचारलं.

ओवीने ते ऐकलंच नाही. पुढे होऊन घर दाखवायला लागली. "धिस विंडो मस्ट पुश हार्ड. गरम पाण्याचं स्विच बाहेर. शेजारची आंटी चांगली आहे, ओन्ली हर डॉग नॉइझी."

हॉल झाला, बेडरूम झाली. एजंटने स्वयंपाकघराशेजारच्या बाथरूमच्या दाराला हात घातला. आत नळ जोरात वाहत होता. ओवी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अंकल, धिस वन लेटर. डॅडी आत रडतोय," ती हळूच म्हणाली. "त्याने नळ उघडलाय, सो आय कॅनॉट हिअर. यू ऑल्सो प्रिटेंड, कॅन?"

एजंटने तिच्याकडे पाहिलं, जोडप्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, म्हणजे जिथे मी आणि चार खोकी जेमतेम मावत होतो तिकडे वळला आणि बाथरूमपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"वाऽऽ! किचन सो बिग!"